दहाचा पाना

केसपेपरच्या खिडकीतून चिठ्ठी बाहेर येते. नंबर ३६. ती पर्समध्ये ठेवून मी वळते, तर सोन्या शेजारी नाही. तो कॉरिडॉरच्या पार टोकाला पाण्याच्या कूलरपाशी आहे. तोटी उघडतो, बंद करतो, तिच्याखाली तळहात आडवा धरून पाणी कसं उडतं ते बघतो. एका आजोबांच्या धोतरावर शिंतोडे जातात. ते काही बोलायच्या आत तो तिथूनही निघालेला असतो, कारण भिंतीकडेला रिकामी व्हीलचेअर उभी आहे आणि ती त्याला दिसली आहे.

"सोन्याऽ!" वहिनी चपला फटफटवत त्याच्यामागे धावते.

त्याचं पाळण्यातलं नाव मी इथे लिहीत नाही. घरात सगळे सोन्या म्हणतात, तेवढं पुरे. वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. मी त्याची आत्ती. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून आता घरी बसले आहे, म्हणून भाऊ म्हणाला, "आक्का, तू चल. डाक्टर काय काय इचारतील, आमाला सांगता यायचं न्हाई." सकाळी साडेसहाच्या एसटीनं आम्ही निघालो, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नवाला पोचलो. गाडीत त्यानं कंडक्टरला तिकिटाच्या मशीनबद्दल इतके प्रश्न विचारले की शेवटी कंडक्टरनं मशीन त्याच्या डोळ्यांसमोर धरून रोल कसा बदलतात ते दाखवलं. त्या पाच मिनिटांत सोन्या हलला नाही. हे मी मनात नोंदवून ठेवलं आहे.

बाकावरच्या बायका सगळं बघतायत. गर्दीत मूल असं वागलं की लोक मुलाकडे कमी बघतात, आईकडे जास्त.

"एकुलता हाय का?"

"न्हाई, मोठी बहीण हाय त्याला."

"मग आज्जीचं लाड असत्याल."

दुसरी बाई पुढे सरकून सांगते, "साखर बंद करा बघा. चाकलेट तर दावू पण नका." वहिनी मान डोलावते. तिनं साखर मागच्या दिवाळीपासून बंद केलेली आहे. उतारा टाकून झाला, गंडा बांधून झाला, आंघोळीच्या पाण्यात कसलासा पाला घालून झाला. सोन्याला तिनं आता बाकावर बसवलंय आणि त्याचं मनगट असं घट्ट धरलंय की तिच्याच बोटांची पेरं पांढरी पडलीत. त्याचे पाय तरीही चालूच आहेत, बसल्या जागी सायकल मारल्यासारखे.

भाऊ खांबाला टेकून उभा आहे, हाताची घडी घालून. तो मुलाकडे बघत नाही.

समोरच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी आहे, दहा-अकरा वर्षांची. आईला चिकटून, मुकाट. नजर भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यावर, पण ती तक्ता वाचत नाहीये. शिपाई तिचा नंबर पुकारतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आई तिच्या कोपराला हात लावते तेव्हा ती दचकून उठते. वहिनी माझ्या कानाशी म्हणते, "बघा वन्सं, किती गुणी पोर." त्या मुलीच्या आईनं ते ऐकलंय. जाता जाता ती थांबते. "हिलापण तेच आहे, जे तुमच्या बाळाला असेल. ही उड्या मारत नाही, नुसती हरवते. म्हणून चौथीपर्यंत कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

मी त्या वेण्यांकडे बघत राहते. दाराआड जाईपर्यंत.

आम्ही इथे आलो ते एका चिठ्ठीमुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा शाळेत येते. २०१३ साली पालघरमध्ये या कार्यक्रमाची सुरुवात झाली, तेव्हा मी नोकरीत होते. डॉक्टर दात बघायचे, डोळे बघायचे, हृदयाचे ठोके ऐकायचे, आणि आम्ही शिक्षक रांगा सांभाळायचो. त्यांच्या यादीत ३० प्रकारचे दोष आणि आजार आहेत, आणि त्यांत अवधान-अस्थिरता आणि अतिचंचलताही आहे, हे मला या वर्षी कळतंय. यंदा गाडीतल्या डॉक्टर मुलीनं सोन्याचे दात तपासले, आणि नंतर बाईंना बाजूला घेऊन विचारलं, हा नेहमीच असा असतो का? आणि इथे यायची चिठ्ठी लिहून दिली. तो एक प्रश्न तिनं विचारला म्हणून आज आम्ही या बाकावर आहोत. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

साडेअकराला आमचा नंबर लागतो. खोली लहान आहे. टेबलामागे डॉक्टर मॅडम, चष्मा कपाळावर सरकवलेला. आम्ही खुर्च्या ओढेपर्यंत सोन्याच्या हातात गुडघ्यावर ठोकायचा रबरी हातोडा आलेला असतो. वहिनी ओरडणार, तोच मॅडम हातानंच तिला थांबवतात.

"असू दे. बघ बरं, टेबलाचा गुडघा हलतो का?"

तो टेबलाच्या पायावर हळूच ठोकतो, मग स्वतःच्या गुडघ्यावर. "हे कशानं उडतं?" विचारतो, आणि उत्तर सुरू होईस्तोवर वजनकाट्यावर चढलेला असतो. मॅडम त्याला हलू देतात, बोलू देतात, आणि त्याच्याकडे बघत बघतच लिहितात.

मग प्रश्न सुरू होतात. दिवस भरून झाला का? नाही, आठव्या महिन्यात, वजन कमी होतं. रात्री घोरतो का? झोप किती? मधेच कुठेतरी टक लावून गप्प होतो, हाक मारली तरी ओ देत नाही, असं होतं का? कान तपासलेत? डोळे? घरात भांडणं? मारझोड? हे सगळं कशासाठी, असं मी विचारते. शिक्षिकेची खोड.

"कारण हे सगळं बाहेरून एकसारखं दिसतं, बाई," मॅडम म्हणतात. "रात्री नीट न झोपणारं मूल, कमी ऐकू येणारं मूल, फिटचा एक बारीकसा प्रकार असतो तो असलेलं मूल, घरात सतत धास्तावलेलं मूल. वर्गात सगळी अशीच दिसतात. रक्त तपासून किंवा डोक्याचा फोटो काढून हे निदान होत नाही. विचारूनच होतं. म्हणून विचारताना घाई करायची नाही."

त्या दोन फॉर्म काढतात, एक घरचा, एक शाळेचा. प्रत्येक वाक्यापुढे चार रकाने आहेत, कधीच नाही पासून नेहमीच पर्यंत. मी वाचते, वहिनी उत्तरं देते. निष्काळजीपणानं चुका करतो? बऱ्याचदा. वस्तू हरवतो? वहिनी बोटं मोजते: जूनपासून चार कंपासपेट्या, दोन डबे, एक चप्पल. एकच, डाव्या पायाची. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन टाकतो? रांगेत थांबवत नाही? बसायचं तिथून उठतो? नेहमीच, नेहमीच, नेहमीच.

"हे तर समदीच पोरं करत्यात," भाऊ पहिल्यांदा तोंड उघडतो.

"करतातच," मॅडम म्हणतात. "म्हणून तर मोजायचं. लक्षाबद्दल नऊ गोष्टी आहेत, चंचलपणाबद्दल नऊ. कुठल्याही एका गटातल्या निदान सहा हव्यात, सहा महिने तरी टिकलेल्या, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या. आणि एकाच ठिकाणी नाही, घरीही आणि शाळेतही. नुसतं शाळेतच होत असेल तर मी आधी शाळेत काय चाललंय ते बघते. नुसतं घरीच होत असेल तर घरात. आणि त्यापायी मुलाचं काहीतरी अडायला हवं."

अडायला हवं, हे ऐकल्यावर वहिनीचा बांध फुटतो. गेल्या वर्षी त्याला तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेतून काढून घ्यावं लागलं. तिथे त्याची जागा पायपुसण्याजवळ होती. वाढदिवसाला त्याला कुणी बोलावत नाही. परवा रात्री त्यानं विचारलं, आई, मी वाईट आहे का? "मॅडम, त्याला समदं कळतं हो. नियम इचारा, घडाघडा सांगंल. कळतं, पण वळत नाही."

मॅडमचा पेन थांबतो. केसपेपरवरच्या इंग्रजी ओळींच्या खाली त्या हे वाक्य मराठीतच लिहितात. मी टेबलाच्या अलीकडून उलटं वाचते.

"आपण हे टोमणा म्हणून मारतो," त्या म्हणतात. "पण याच्या बाबतीत ते अक्षरशः तसंच आहे, ताई. कळण्याचं काम एकीकडे होतं. कळलेलं ऐन वेळी आठवून स्वतःला थांबवायचं काम कपाळामागच्या भागाचं. २००७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मुलांच्या मेंदूच्या वाढीचे फोटो वर्षानुवर्षं काढून तुलना केली. मेंदूच्या वरच्या थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुलं साडेसात वर्षांच्या सुमाराला गाठतात, तो या मुलांनी साडेदहाच्या सुमाराला गाठला. तीन वर्षं उशीर. बुद्धी तीन वर्षं मागे नाही, हे नीट ऐका. पण स्वतःला आवरण्यापुरतं तुम्ही याला पाच वर्षांचा समजून चाला. पाच वर्षांच्या मुलाला आपण सांगतो का, जा, दप्तर भर, दात घास, कपडे बदल आणि खाली ये?"

भाऊ वहिनीकडे बघतो. हीच चार वाक्यं तो रोज सकाळी एका दमात ओरडतो.

"मोबाइलमुळं झालंय का?" तो विचारतो.

"मोबाइलनं झोप बिघडते, चिडचिड वाढते, तो कमी कराच. पण जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडनमध्ये अशाच मुलांवर व्याख्यानं दिली होती. बुद्धी चांगली, पण स्वतःवर ताबा नाही. तेव्हा कुठला मोबाइल? त्यांनी त्याला नैतिक ताब्याचा दोष म्हटलं होतं. तो शब्द वैद्यकानं केव्हाच सोडला. आपल्या तोंडातून अजून गेलेला नाही, आपण फक्त वळण नाही असं म्हणतो." मग पेन खाली ठेवून त्या विचारतात, "घरात आणखी कुणी लहानपणी असं होतं?"

खोलीत फक्त वजनकाट्याचा कट्कट् आवाज. सोन्या चढतोय, उतरतोय.

मी उत्तर देणार असते, पण भाऊच बोलतो. "मी."

तो जमिनीकडे बघून सांगतो. चौथीत गुरुजींनी खांबाला बांधलं होतं. नववीत शाळा सुटली. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसतं. झाडावरून पडून मोडलेला हात, दर पावसाळ्यात हरवलेली छत्री, आमच्या वडिलांचा, अण्णांचा पट्टा. आणि हाच माणूस आज गावात टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो, इंजिन खोललं की तीन-तीन तास मान वर करत नाही, वहिनी डबा ठेवून जाते तो तसाच गार होतो. एसटीत मशीनपुढे थबकलेला सोन्या मला आठवतो. लक्ष नाही असं आपण म्हणतो, ते खरं नाही. लक्ष आहे, भरपूर आहे. ते बोलावल्यावर येत नाही.

"उंची जशी घराण्यातून येते, जवळजवळ तितकंच हे घराण्यातून येतं," मॅडम म्हणतात. "तुमच्या लाडानं आलं नाही, ताई. तुमचीही चूक नाही, दादा."

"मी मारलंय त्याला, मॅडम. पट्ट्यानं."

"आजपासून नाही."

एवढंच. उपदेश नाही. भाऊ मान हलवतो आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघतो. त्याला रडताना मी शेवटचं अण्णा गेले तेव्हा पाहिलं होतं.

मॅडम सांगतात की हे शंभरात साधारण पाच मुलांत सापडतं, मुलग्यांत जास्त दिसतं, मुलींत राहून जातं. मला पुढचं ऐकू येत नाही. मी हिशेब करते. ३१ वर्षं, वर्गात सरासरी ४० मुलं. १२४०. शंभरी पाच धरले तर ६२.

बासष्ट मुलं माझ्या हाताखालून गेली.

त्यांतलं एक मला लख्ख दिसतं. १९९४ सालचा माझा वर्ग, दुसऱ्या रांगेतला, पायाला भिंगरी लावलेला. त्याला मी छडी कधी मारली नाही, याचा मला अभिमान होता. मी त्याला दाराबाहेर उभं करायचे. रोज. तो दाराच्या फटीतून आत बघायचा आणि मी फळ्यावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं बाहेरूनच द्यायचा, बरोबर उत्तरं, आणि त्याबद्दल मी त्याला पुन्हा रागवायचे. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला, शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी आली. ती वाचतानाही मला तो दारातला मुलगा आठवला नव्हता. आणि खिडकीशी बसणाऱ्या मुली? त्यांचे तर चेहरेही आठवत नाहीत. त्या त्रास देत नव्हत्या. प्रगतिपुस्तकात मी लिहायचे, शांत आहे, अभ्यासात लक्ष द्यावे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत याविषयी मला कुणी एक तासही शिकवलं नाही, हे खरं आहे. पण त्या मुलाला दाराबाहेर मीच उभं केलं, हेही खरं आहे.

गोळीचा विषय निघतो तेव्हा मी भानावर येते. भाऊ घाबरलाय, नशेचं औषध देतात असं त्याला कुणी सांगितलंय. मॅडम लपवत नाहीत. औषधाचं नाव मेथिलफेनिडेट, कायद्यानं त्यावर कडक नियंत्रण आहे, चिठ्ठीशिवाय दुकानदार देणार नाही आणि देऊही नये. पण नेमक्या मापात, देखरेखीखाली ते मुलाला झोपवत नाही की बधिर करत नाही, उलट तो थांब म्हणणारा भाग जागा करतं. नवा प्रयोग म्हणावा तर तसंही नाही. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखीसाठी मुलांना एक उत्तेजक औषध दिलं आणि डोकेदुखीऐवजी त्यांचा अभ्यासच सुधारलेला दिसला. तिथली मुलंच त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. भूक मंदावते, झोप उशिरा लागू शकते, म्हणून दर खेपेला वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघायचा. सहा वर्षांखालच्या मुलांना आधी गोळी देत नाहीत, आई-वडिलांनाच शिकवतात.

"याला दोन्ही लागेल असं वाटतंय. पण गोळी आज नाही," त्या म्हणतात. "आधी शाळेचा फॉर्म येऊ दे, कान-डोळे तपासून घ्या. आणि घरी आजपासून एका वेळी एकच गोष्ट सांगायची. लांबून ओरडून नाही, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. केली की लगेच शाबासकी. संध्याकाळी नाही, लगेच."

सोन्या मधेच वळून म्हणतो, "मला भूक लागली." मॅडम हसतात. "बघा, हे मात्र लगेच वळतं." वहिनी डोळे पुसत हसते. आज पहिल्यांदा.

सात आठवडे उलटलेत. मी सोन्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आहे, बाईंची परवानगी काढून. जिल्हा परिषदेची शाळा, खिडकीबाहेर आंब्याचं झाड. बाई तरुण आहेत, पदर खोचून उभ्या. फळ्यावर हातच्याची वजाबाकी.

सोन्याचा बाक पहिला आहे, फळ्याजवळ, दार आणि खिडकी दोन्हींपासून लांब. तो बाकावर बसलेला नाही. बाकाशेजारी उभा राहून, वही बाकावर ठेवून लिहितोय. एक पाय दुसऱ्यावर घासतोय, कमरेत डुलतोय, आणि लिहितोय. उभं राहून लिहिण्याची त्याला मुभा आहे, वर्गाला त्याचं नवल उरलेलं नाही. त्याच्या वहीत वीस गणितं नाहीत, पाच आहेत. ती झाली की तो वही दाखवतो, बाई बरोबरची खूण करतात, वर्गातली खडूची पेटी पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवायला सांगतात, आणि मग पुढची पाच. तो चालणं तसंही चोरून घेणारच होता. बाईंनी ते त्याला काम म्हणून दिलंय.

मी पुढे जाऊन वही बघते. ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, हे त्याला माहीत आहे. दशकातून एक घ्यायचा, हेही माहीत आहे. बारातून सात गेले, पाच लिहिले, आणि तेवढ्यात आंब्यावर खार चढली. परत येईतो पाचाचे चार झालेले मनातून गेले असते आणि उत्तर ३५ आलं असतं. माझ्या वर्गात अशा ३५ वर मी लाल फुली मारायचे आणि शेजारी लिहायचे, निष्काळजी. इथे बाईंनी त्याला प्रत्येक गणिताच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक बारीक चौकट आखायला शिकवलंय. पाचाचे चार झाले की आधी त्या चौकटीत चार लिहायचे, मगच पुढे जायचं. खार आली, गेली. चौकटीतला चार तिथेच होता. उत्तर २५.

मनात धरून ठेवायला जमत नाही ते डोळ्यांसमोर आणून ठेवायचं, इतकी साधी ही गोष्ट. मला तीस वर्षांत सुचली नाही.

वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता चिकटवलेला आहे. तीन ओळी: बोलण्याआधी हात वर केला, काम पूर्ण केलं, वस्तू दप्तरात ठेवल्या. प्रत्येक तासापुढे जागा. बाई तारा काढतात किंवा जागा मोकळी सोडतात. फुली मारत नाहीत. दिवसाला आठ तारे झाले तर संध्याकाळी अर्धा तास बापाच्या गॅरेजात जायला मिळतं. हे बक्षीस त्यानंच मागितलं होतं.

गोळी सुरू होऊन महिना झालाय. सकाळी नाश्त्यानंतर अर्धी. दुपारची खिचडी तो निम्मी टाकतो, म्हणून वहिनी सकाळी भरपूर तूप लावून भाकरी देते आणि रात्री उशिरा दूध. वजन दोनशे ग्रॅमनं घटलंय, पुढच्या खेपेला ते सांगायचंय.

सुट्टी होते. हात धुवायच्या नळाशी रांग लागते. सोन्या रांगेत आहे, चौथा. तिसरा. मी बघत असतानाच तो पुढच्या मुलीला दोन्ही हातांनी ढकलतो. ती कट्ट्यावर आपटते, कोपर खरचटतं, रडायला लागते. बाई धावतात. सोन्या जागच्या जागी खिळलाय आणि त्याचा चेहरा तिच्याहून जास्त वेडावाकडा झालाय. बाई आधी मुलीचं कोपर धुतात. मग सोन्याला म्हणतात, "हिच्यासाठी औषधाची पेटी घेऊन ये." तो धावत सुटतो.

नंतर आंब्याखाली तो माझ्याशेजारी बसतो.

"मला माहीत होतं आत्ती, ढकलायचं नसतं."

"मग?"

तो खरोखर विचार करतो. कपाळाला आठ्या घालून, मला खरं सांगायची धडपड करत.

"मग ढकललं होतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवते. या दोन वाक्यांच्या मधे काय झालं, ते त्यालाही दिसलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं असतं, माहीत असून करतो म्हणजे मुद्दाम करतो. आज तक्त्यात त्या तासाची जागा मोकळी राहते. पण औषधाची पेटी त्यानं जागेवर परत ठेवलेली असते, आणि तो तारा बाई देतात. आठ होतात. जेमतेम.

संध्याकाळी साडेपाच. गॅरेजात ऑइलचा वास, पत्र्यावर उन्हाची शेवटची तिरीप. भाऊ एका मोटारसायकलीपुढे उकिडवा बसलाय, चेन सैल करतोय. पूर्वी तो सोन्याला इथे फिरकू द्यायचा नाही, नटबोल्ट हरवतात म्हणून. आता भिंतीवर पाने ओळीनं लटकवलेत आणि प्रत्येकामागे पांढऱ्या रंगानं त्याचाच आकार काढलाय. काय जागेवर नाही ते लांबूनही दिसतं. हे कुणी सांगितलं, असं मी विचारते. "कुणी न्हाई," भाऊ म्हणतो. "मलाबी सापडत न्हवतंच की कधी."

मग तो उठतो. सोन्याजवळ जातो. काळा झालेला हात त्याच्या खांद्याला लागू नये म्हणून मनगट टेकवतो.

"सोन्या. दहाचा पाना."

"दहाचा पाना," सोन्या म्हणतो आणि निघतो. भिंतीपर्यंत सात पावलं आहेत. चौथ्या पावलाला दाराशी कुत्रीची पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडतात. तो थांबतो, वाकतो, एकाला उचलतो. ते त्याची हनुवटी चाटतं.

भाऊचं तोंड उघडतं. मला अण्णांचा आवाज ऐकू येणार असं वाटतं. पण तो तोंड मिटतो आणि वाट बघतो. चेन हातात तशीच. मीही श्वास रोखून आहे.

बराच वेळ जातो. निदान मला तसं वाटतं.

पिल्लू कुशीत घेतलेला सोन्या भिंतीकडे वळून बघतो. तिथे पाने ओळीनं चमकतायत, त्यांच्यामागे पांढरे आकार. त्याचे ओठ हलतात. तो पिल्लाला खाली ठेवतो, हात चड्डीला पुसतो, आणि दहाचा पाना काढून बापाच्या हातात देतो.

"आता बाराचा," भाऊ म्हणतो.